गाळ्यात धूर कोंडतोय? अजून एक एक्झॉस्ट फॅन घ्यायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून उदबत्तीचा पुडा घेऊन या. चेष्टा नाही करत, दहा-वीस रुपयांत हवा बघायचं याच्याइतकं चांगलं साधन मला तरी अजून सापडलेलं नाही. हवा दिसत नाही हाच तर सगळा घोळ आहे. फॅन फिरताना दिसतो, घरघर आवाज येतो, म्हणून मालकाला वाटतं व्हेंटिलेशन झालं.

हे लिहितोय ते ज्यांच्या गळ्यात नुकतंच "सेफ्टीचं पण तूच बघ" असं काम पडलंय त्यांच्यासाठी, किंवा ज्यांनी स्वतःच छोटा फॅब्रिकेशनचा गाळा टाकलाय त्यांच्यासाठी. चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. पत्र्याचं शेड, दोन सीओटू मशीन (गॅसवर चालणारी वेल्डिंग मशीन), एक आर्क वेल्डिंगचं, दोघंजण ग्राइंडर मारतायत, मागच्या कोपऱ्यात पेंटिंग, आणि दुपारी बारा वाजेपर्यंत छताखाली निळसर थर साचलेला. मग भिंतीला अजून एक अठरा इंची फॅन लागतो आणि थर तिथेच राहतो.

हवेत नक्की काय आहे ते आधी बघा

वेल्डिंगचा धूर म्हणजे नुसता धूर नसतो, वितळलेल्या धातूची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण असतात, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. स्टेनलेस स्टीलवर काम असेल तर त्यात हेक्साव्हॅलेंट क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) येतं, ते जास्त वाईट. जीआय म्हणजे झिंकचा कोट असलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की झिंकचा पांढरा धूर, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर थंडी वाजून ताप, तोंडाला धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. याला परदेशात सोमवारचा ताप म्हणतात, कारण रोज धूर घेऊन शरीराला तात्पुरती सवय होते आणि सुट्टीत ती सुटते. आपल्या पुण्याजवळच्या भोसरीकडे बऱ्याच गाळ्यांना गुरुवारची सुट्टी असते, मग तो शुक्रवारचा ताप म्हणा हवं तर.

आणि हो, गूळ. "गूळ खा, धूळ पोटातून निघून जाते", केळी खा, दूध प्या. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वादच घालत नाही, फक्त एवढं विचारतो की खाल्लेला गूळ पोटात जातो आणि धूर फुफ्फुसात, मग दोघांची गाठ पडते कुठे? गूळ जरूर द्या, पोरांना आवडतो. पण त्याला उपाय समजू नका.

धूर कमी निघेल असं काही करता येतं का

हे फुकटात होतं आणि तरी सगळे विसरतात. जीआयचा कोट जोडाच्या दोन्ही बाजूला आधी घासून काढा (सक्शनखाली, नाहीतर एक दुखणं गेलं नि दुसरं आलं). पेंट मारलेल्या किंवा तेलकट मटेरियलवर थेट टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारू नका. करंट गरजेपेक्षा जास्त ठेवला की धूर वाढतो, बऱ्याच हेल्परना मशीनचा नॉब फुल्ल फिरवायची सवय असते. ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना पाणी सोडा, सिलिकाची धूळ तिथेच बसते, फक्त मग ग्राइंडरऐवजी पाण्यावर चालणारं मशीनच वापरा, साध्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर मग्याने पाणी ओतणारे महाभाग पण पाहिलेत मी.

आता उदबत्ती लावा

थिनर, पेंट, गॅसचं काम बंद असताना आणि त्या कोपऱ्यापासून लांब. पेंटिंगच्या जागेत उदबत्ती अजिबात नको, तिथे काठीला पातळ टिश्यूची पट्टी बांधून फिरवा.

वेल्डर जिथे बसतो तिथे, त्याच्या हाताच्या उंचीवर उदबत्ती धरा आणि धूर कुठे जातो ते बघत बसा, घाई करू नका. एका गाळ्यात मी असा उभा होतो आणि धूर सरळ वर जाऊन वेल्डर जिथे मान वाकवतो बरोबर तिथून पुढे गेला, मग भिंतीवरच्या फॅनकडे. म्हणजे फॅन चालू होता, हवा खेचत पण होता, पण वाटेत माणसाचं नाक होतं. मालक शेजारीच उभा होता. "अरे, म्हणजे आपण त्यालाच फिल्टर बनवलाय की," एवढंच म्हणाला.

नियम असा की ताजी हवा, मग माणूस, मग धुराची जागा, मग फॅन, या क्रमाने हवा वाहिली पाहिजे. पण यातही एक गंमत आहे. वारं बरोबर पाठीमागून आलं तर माणसाच्या अंगापुढे भोवरा तयार होतो, नदीत दगडापुढे पाणी गोल फिरतं ना तसा, आणि तो भोवरा धूर परत तोंडाकडे आणतो. म्हणून वारं एका बाजूने येईल असं टेबल फिरवा. टेबल फिरवायला पैसे लागत नाहीत, आणि कधी कधी अर्धं काम तिथेच होतं.

मोठा स्टँड फॅन लावून धूर उडवणं हे व्हेंटिलेशन नाही, धूर शेजारच्याला वाटून देणं आहे. शिवाय सीओटू वेल्डिंगचा गॅस उडतो, ब्लोहोल म्हणजे जोडात भोकं येतात, मग वेल्डरच फॅन बंद करतो.

भिंतीवरचा फॅन कुठे चालतो, कुठे नाही

अख्ख्या शेडची हवा बदलत राहायची, याला डायल्युशन म्हणतात. उष्णता काढायला, थोड्याशा कमी विषारी वासाला हे ठीक आहे. छतावरचे फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर पण याच जातीतले, गरमी काढतात, नाकापुढचा धूर नाही काढत.

का पुरत नाही ते थिनरच्या हिशोबाने बघा. एक लिटर टोल्युईन उडून गेलं की साधारण २३० लिटर वाफ होते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत टोल्युईनची (थिनरमधलं एक द्रावण) आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम होती, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. तेवढं पातळ करायला एका लिटरमागे २,३०० घनमीटर स्वच्छ हवा लागते, आणि हे हवा अगदी एकजीव मिसळली असं धरून. प्रत्यक्षात तशी मिसळत नाही म्हणून त्याला ३ ते १० ने गुणतात. पाचने गुणलं तर साडेअकरा हजार घनमीटर, म्हणजे १२ बाय ८ मीटरचं ५ मीटर उंच शेड चोवीस वेळा रिकामं करून भरल्यासारखं. फक्त एका लिटरसाठी! आणि अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेचा आकडा १०० नाही, २० पीपीएम आहे, तो धरला तर हिशोब पाचपट.

म्हणून मुद्दा एकच, निघतं तिथेच पकडा. पसरल्यावर मागे धावण्यात अर्थ नाही.

निघतं तिथे पकडायचं कसं

याला लोकल एक्झॉस्ट म्हणतात, गाळ्यात सगळे नुसतं सक्शन म्हणतात. पाच भाग असतात: तोंड म्हणजे हूड, डक्ट, फिल्टर, ब्लोअर आणि चिमणी. फॅब्रिकेटरला फोन केला की तो ब्लोअर किती एचपीचा इथूनच सुरू करतो, आणि इथेच चुकतं. सुरुवात तोंडापासून करायची.

नवीन माणसाला सगळ्यात आधी हे कळायला हवं की फुंकणं आणि ओढणं सारखं नाही. तोंडापुढे हात धरून फुंका, हात लांब नेला तरी लागतं. आता तेवढ्याच जोराने हवा ओढा, बोटभर अंतरावर पण काही जाणवत नाही. पाइपच्या तोंडापासून पाइपच्या एका व्यासाइतकं लांब गेलं की ओढणारा वेग तोंडावरच्या वेगाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उरतो.

आता आकडेमोड, एकदाच करू, घाबरू नका:

लागणारी हवा = पाहिजे तेवढा वेग × (१० × अंतर × अंतर + तोंडाचं क्षेत्रफळ)

(सगळं मीटर आणि सेकंदात, तासाचा आकडा काढायला ३,६०० ने गुणा.)

वेल्डिंगचा धूर पकडायला आर्कपाशी साधारण ०.५ ते १ मीटर प्रति सेकंद वेग लागतो. टाकीतून नुसतं बाष्प उडत असेल तर ०.२५ ते ०.५ पुरतो, आणि ग्राइंडिंगला, जिथे कण स्वतःच जोरात उडतात, तिथे २.५ ते १०. समजा १५० मिलिमीटरचा गोल पाइप आहे आणि वेग ०.५ हवाय. तोंड १५ सेंटीमीटरवर असेल तर तासाला साधारण ४४० घनमीटर हवा लागते. तेच तोंड ३० सेंटीमीटरवर नेलं की १,६५० घनमीटर. अंतर दुप्पट, हवा जवळपास चौपट. म्हणजे वेल्डरने सक्शनचा आर्म (तोंड हलवायचा फिरता पाइप) जवळ ओढायचा आळस केला की तुमचा लाखभराचा ब्लोअर शोभेचा.

तोंडाभोवती १३-१४ सेंटीमीटरची पत्र्याची सपाट कॉलर लावा, मागून येणारी फुकटची हवा अडते आणि साधारण पाव हवा वाचते. भंगारातल्या पत्र्यात होतं हे काम. धार मात्र मोडून घ्या, नाहीतर सक्शनचं काम सुरू आणि हाताला टाके.

वेल्डिंग टेबलावर वरून छत्रीसारखं हूड लावू नका. दिसायला झकास दिसतं, किचनसारखं, पण वेल्डर वाकून काम करतो म्हणजे त्याचं डोकं धूर आणि हूडच्या मधे. टेबलाच्या मागच्या कडेला लांबट फट असलेलं हूड द्या, किंवा फिरणारा आर्म. छोटे जॉब असतील तर तीन बाजूंनी पत्रा लावून टेबल बंद करा, जितकं बंद तितकी कमी हवा लागते. आणि तोंड अगदी आर्कला चिकटवू नका, शिल्डिंग गॅस (वेल्डवर हवा लागू न देणारा गॅस) ओढला जातो. वेल्डर "सक्शनमुळे ब्लोहोल येतायत" म्हणाला तर त्याला गप्प करू नका, तो खरं बोलत असतो, तोंड थोडं वर घ्या नाहीतर डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करायची झडप) थोडा बंद करा.

डक्ट आणि ब्लोअर

डक्टमध्ये हवा इतकी जोरात पाहिजे की कण वाटेत खाली बसू नयेत. वेल्डिंगच्या धुराला १० ते १२ मीटर प्रति सेकंद, कोरड्या धुळीला १५ ते २०, जड धातूच्या किसाला त्याहून जास्त. वरच्या १५० मिलिमीटरच्या पाइपात १० चा वेग हवा असेल तर तासाला ६४० घनमीटर लागतात, म्हणजे ४४० वर भागवलं तर डक्ट हळूहळू भरत जाणार. त्यामुळे ६४० धरा, १५ सेंटीमीटरवर आपोआप ०.७ चा वेग मिळतो.

एल्बो काटकोनात चेपलेला नको, मोठ्या गोलाईचा घ्या. फांदी मेन डक्टला ३० अंशात जोडा, सरळ टी मारायची नाही. वळकट्या पडलेला लवचीक पाइप जेवढा कमी तेवढं बरं, तो साध्या पत्र्याच्या डक्टपेक्षा दुप्पट-तिप्पट दाब खातो. आणि ब्लोअरच्या तोंडाला लागूनच एल्बो नको, आधी सरळ डक्ट ठेवा, व्यासाच्या सहापट तरी.

आता एक किस्सा, कारण ही चूक तुमच्याकडे पण होणार आहे. एका शेडमध्ये मोटर रिवाइंड करून आली, बसवली, चालू केली, आणि दुसऱ्या दिवसापासून सक्शन मेलं. तीन दिवस फिल्टर झटकले, डक्ट उघडला, नवीन बेल्ट टाकला. चौथ्या दिवशी मी बेल्ट गार्डच्या जाळीतून बघितलं तर पुली बाणाच्या उलट फिरत होती. वायरमनने फेज उलटे जोडले होते. भिंतीवरचा पंखा उलटा फिरला तर हवा उलटी येते, लगेच कळतं. पण सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने ओढतो, फक्त खूप कमी ओढतो. म्हणून कोणालाच संशय येत नाही. तीन फेजपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या, पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून ब्लोअरच्या बॉडीवर लाल रंगाने हातभर लांब बाण काढून ठेवतो.

सक्शन कमी पडलं की पुली बदलून स्पीड वाढवायचा मोह होतो. हवा स्पीडच्या प्रमाणात वाढते पण पॉवर स्पीडच्या घनात, १० टक्के स्पीड वाढवला की मोटरवर ३३ टक्के जास्त लोड. ॲमिटर (मोटर किती करंट घेते ते दाखवणारं मीटर) बघितल्याशिवाय हात लावू नका. तसंच मधेच कोणीतरी आपल्या मशीनसाठी नवीन फांदी जोडून घेतो, मग बाकी सगळ्यांचं सक्शन पडतं आणि भांडणं लागतात.

बाहेर गेलेली हवा परत कुठून येणार

जेवढी काढता तेवढी आत यायला वाट पाहिजे. उन्हाळ्यात शटर उघडं असतं म्हणून चालून जातं. जून लागला की खिडक्यांना निळी ताडपत्री, शटर अर्धं खाली, आणि मग "पावसाळ्यात सक्शन कमी होतं हो" अशी तक्रार. दरवाजा उघडताना आत खेचल्यासारखा जड लागला, फटीतून शीळ वाजली, की समजा शेड उपाशी आहे. पाऊस आत येणार नाही अशी झडप असलेली खिडकी फॅनच्या समोरच्या भिंतीत द्या. फॅनच्या शेजारी दिली तर तीच हवा गोल फिरते. आणि ती खिडकी शेजाऱ्याच्या चिमणीसमोर किंवा जनरेटरच्या धुरासमोर नको.

फिल्टर, चिमणी

धूर-धुळीला बॅग किंवा कार्ट्रिज फिल्टर, जड किसाला आधी सायक्लोन (हवा गोल फिरवून जड कण खाली पाडणारं भांडं). ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाच्या ठिणग्या एका डक्टमध्ये कधीच नाही, ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोट करते. ग्राइंडरच्या ठिणग्या कापडी बॅगपर्यंत पोचू नयेत म्हणून मधे ठिणगी अडवायची सोय लागते. फिल्टर केलेली हवा परत शेडमध्ये सोडायची आयडिया कोणी दिली तर नम्रपणे नको म्हणा.

चिमणी छपरापासून तीनेक मीटर वर, आणि तोंडावर शंकूसारखी टोपी नको. ती टोपी धूर परत खाली छपरावर ढकलते. पावसाचं पाणी आत जाईल म्हणून भीती असेल तर चिमणीभोवती थोड्या मोठ्या व्यासाची बाही बसवतात, पाणी कडेने निघून जातं.

पेंटिंग आणि टाकी, इथे चेष्टा नाही

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली सरकते, खड्ड्यात साचते. सक्शन खालून घ्या. मोटर, स्विच, लाइट सगळं फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर न पडणारं), आणि वेल्डिंगच्या डक्टला जोडायचं नाही. पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने एकदा दमा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तिथे बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क दोन्ही. तोंडाला बांधलेला रुमाल वाफेला अडवत नाही, धुरालाही नाही.

टाकीच्या आत वेल्डिंग असेल तर आर्गन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी साचून ऑक्सिजन ढकलून देतात आणि माणसाला काही कळायच्या आत खाली बसवतात. आत जायच्या आधी मीटरने ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. ब्लोअरचा पाइप टाकीच्या तळापर्यंत, बाहेर एक माणूस कायम उभा, आणि तो फोनवर बोलत नाही. "हवा" द्यायला ऑक्सिजनचा सिलिंडर सोडायचा नाही, कपडे पेट घेतात. आणि आतला पडला तर बाहेरचा मागोमाग उडी मारत नाही, असल्या अपघातांत दुसरा जातो तो बऱ्याचदा वाचवणारा असतो.

कायदा, थोडक्यात

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम १४ वाचा, छोटंसंच आहे. त्यात सरळ लिहिलंय की एक्झॉस्ट धूळ-धूर निघतो त्या जागेच्या शक्य तितकं जवळ लावा आणि ती जागा शक्य तितकी बंद करा. आपण वर जे डोकं फोडलं ते या लोकांनी १९४८ मध्येच एका वाक्यात सांगून टाकलं होतं. जनरेटरचं इंजिन आत ठेवलं तर त्याचा धूर बाहेर न्यायचा हेही त्याच कलमात. वेल्डिंगच्या धुराची मर्यादा त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर होती. कलम १६ प्रमाणे माणशी १४.२ घनमीटर जागा, आणि ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही, त्यामुळे "आमचं शेड उंच आहे साहेब" हे चालायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी २०२० चा नवा कोड (कामगारांच्या सुरक्षेचा नवा कायदा) लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, धूर तोच राहिला.

चालू झाल्यावर

पहिल्या दिवशी, सगळं नवीन असताना, मोजून ठेवा. प्रत्येक तोंडावर ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजायचं मीटर) वेग, आणि फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब. दाबाला महागडं मीटर नसलं तरी चालतं, पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर ठोका, अर्धी पाण्याने भरा, पाण्यात थोडी निळी शाई. एक टोक फिल्टरच्या आधी, एक नंतर. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे दाब. नव्या फिल्टरची रेघ हिरव्या पेनाने मारा, बदलायची रेघ लाल पेनाने, फिल्टरवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर. फरक वाढत गेला तर फिल्टर तुंबलाय. फरक अचानक कमी झाला तर खूश होऊ नका, बॅग फाटलीय किंवा ब्लोअर नीट ओढत नाहीये.

फिल्टर झटकणाऱ्या माणसाला मास्क द्या, एन९५ किंवा त्याहून वरचा, कारण महिन्याभराची धूळ तो एका दुपारी अंगावर घेतो. आणि सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सगळ्यांची सवय आहे, ती बंद करा, त्यासाठी गेटपाशी एक व्हॅक्यूम क्लीनर ठेवा. सुरुवातीला सगळे हसतात, कॉम्प्रेसरची नळी कुलूपात गेली की मुकाट्याने व्हॅक्यूम वापरतात.

उदबत्तीचा पुडा संपला नसेल तर ड्रॉवरमध्ये राहू द्या. दर महिन्याला, एकदा शटर उघडं ठेवून आणि एकदा बंद करून, त्याच टेबलांवर परत धरून बघायची आहे.